तुळसाबाईनं मोजलेला पाऊस

रुईखेडच्या तलावावर तेहतीस पावसाळे पाऊस मोजला गेला आणि त्यातला एकही दिवस सुटला नाही. कुणी मोजला, असं गावात विचारलं तर कुणीही सांगेल, जगदेव भोयरनं. त्याच्या बैठकीत प्रमाणपत्रच टांगलेलं आहे, 'अखंड पर्जन्य नोंदीबद्दल', खाली शिक्का आणि साहेबाची सही. दर दिवाळीला जगदेव ते ओल्या फडक्यानं पुसतो, आणि समोर कुणी बसलेलं असलं तर जरा जास्तच वेळ पुसतो. गाव सांगतं ते खोटं नसतं, पण पुरतं खरं असतं असंही नाही. पाऊस मोजला तो त्याच्या बायकोनं, तुळसाबाईनं.

झालं असं, की जगदेव मानोरा तालुक्यातल्या या लहानशा तलावावर चौकीदार म्हणून लागला १९८३ साली. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पायथ्याशी दोन खोल्यांची चौकी, पुढ्यात तारेचं कुंपण आणि कुंपणात पर्जन्यमापक, म्हणजे वर नरसाळं आणि खाली भांडं. नियम असा, की रोज सकाळी बरोबर साडेआठला भांड्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, रेघेवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. पाऊस नसेल तर शून्य लिहायचं, पण लिहायचंच. आता पावसाळ्यात चौकीदाराचं दुसरं कामही नेमकं सकाळचंच. पाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं, कुठं झिरपा लागला का, खेकड्यांनी भोकं पाडली का, सांडव्यात झाडोरा अडकला का, ते पाहायचं. जाऊन येऊन दोन तास. एक माणूस साडेआठला दोन ठिकाणी कसा उभा राहणार, हा प्रश्न नियम करणाऱ्याला पडला नाही. तो जगदेवला पडला, आणि नवरे लोक असले प्रश्न सोडवतात तसा त्यानं तो सोडवला.

"तुले आकडे येते ना वं?" त्यानं नव्या नवरीला विचारलं.

"अक्षरं नाई येत. आकडे येते. बजारात मले कोणी फसवत नाई."

"मंग झालं."

त्या दिवसापासून ते काम तिचं झालं. जगदेवचं घड्याळ तिनं दाराच्या खिळ्याला टांगलं आणि साडेआठला पाच कमी असताना ती हातातलं काम टाकून कुंपणात शिरायची. तव्यावर भाकर असली तर भाकर करपायची. काच डोळ्यांच्या पातळीला धरायची, पाणी डोलायचं थांबेपर्यंत श्वास रोखायचा आणि मग आकडा वाचायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. डोलतं पाणी वाचलं तर आकडा खोटा येतो, हे तिचं तिलाच दोन दिवसांत कळलं.

वहीत शेवटी एक रकाना होता, 'शेरा'. तिथं काय लिहायचं? अक्षर तर येत नाही. मग तुळसाबाई चित्रं काढायची. गारा पडल्या की टिंबं, वीज चमकली की वाकडी रेघ, वारं-वावधान झालं की लवलेलं झाड. मुंग्या अंडी घेऊन वर चढल्या की तीन पायांची मुंगी, कारण सहा पाय काढण्याएवढी त्या रकान्यात जागा नव्हती. महिनाअखेर जगदेव वहीतले आकडे तक्त्यावर उतरवून ऑफिसला पाठवायचा, आणि वहीवर सही ठोकायचा. सही मात्र झोकदार, 'ज'ला शेपटी काढलेली.

"वाचून तं पाहा सही कराच्या आधी," ती दर महिन्याला म्हणायची.

"तुह्या आकड्यात काय पाहाचं हाये?" तो दर महिन्याला म्हणायचा, आणि न वाचता सही करायचा. हे त्याचं बोलणं विश्वासाचं होतं की आळसाचं, ते तिनं कधी विचारलं नाही. तिनं आपल्या मनाशी ते विश्वासाचं धरलं होतं.

सत्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये वैजयंती झाली, तेव्हाचे अकरा दिवस तेवढे वहीत जगदेवच्या हातचे आहेत. त्याचा पाच तीनसारखा दिसतो आणि आठ पोट सुटल्यासारखा. बाराव्या दिवशी बाळंतीण खोलीबाहेर आली ती सरळ कुंपणात गेली. सासूनं घर डोक्यावर घेतलं. तुळसाबाई म्हणाली, "त्यायचे आकडे पाह्यले म्या. अजून आठ दिस त्यायनं लिवलं तं पाऊसच पडाचं सोडून देईन."

एवढी काटेकोर बाई, पण तिच्या हातूनही एक चूक झाली. ती चूक तिनं आणि जगदेवनं तेहतीस वर्षं पोटात ठेवली.

एक्याण्णवच्या जूनमध्ये काचेचं माप तिच्या हातून निसटलं आणि ओट्यावर फुटलं. साहेबाला कळवलं तर कोण मोजत होतं ही चौकशी आलीच. जगदेव घाबरला आणि त्यानं तोड काढली. पलीकडच्या एका केंद्रावर त्याचा दोस्त रामराव होता, त्याच्याकडे एक माप जास्तीचं पडलं होतं, ते तो पिशवीत घालून घेऊन आला. दिसायला अगदी तस्संच. फरक एवढाच, की जुन्या काचेवर रेघा दहापर्यंत होत्या आणि या काचेवर वीसपर्यंत. दोघांना उलट आनंदच झाला. मोठं माप मिळालं, आता दहा-दहा वेळा ओतायला नको, असं दोघांनी धरलं. काच तेवढीच आहे तर वीस मावतात कसे, हा विचार कुणाच्याही डोक्यात शिरला नाही. रामरावाच्या केंद्रावरचं नरसाळं लहान होतं, निम्म्या तोंडाचं, आणि ही काच त्या नरसाळ्याची होती. मोठ्या नरसाळ्याचं पाणी लहान नरसाळ्याच्या मापानं मोजलं की पाऊस दुप्पट दिसतो.

शंका आली ती तुळसाबाईला. अंगणात तिचा एक उभा डालड्याचा डबा असायचा, कशाला म्हणाल तर उगीच, आपल्या समाधानाला. डब्यात चार बोटं पाणी साचलं की काचेत पासष्ट-सत्तर यायचे, हे तिला आठ वर्षांत पाठ झालं होतं. आणि आता चार बोटांना एकशे तीस येऊ लागले.

"काच खोटी बोलून राह्यली," ती म्हणाली.

"तुही बोटं सुजली असतीन," जगदेव म्हणाला.

पण पुढच्या साली त्यालाही कबूल करावं लागलं. वहीत पाऊस मावेना आणि तलाव अर्ध्यावरही येईना. दुरुस्त करावं म्हटलं, तर वहीच्या पहिल्याच पानावर छापलेलं, 'खाडाखोड करू नये'. सरकारी वहीत लिहिलेला आकडा खोडणं म्हणजे नोकरीवर धोंडा. शेवटी त्यांनी आकडे होते तसेच राहू दिले. तुळसाबाईला मात्र चैन पडेना. तिनं त्या दोन पावसाळ्यांच्या प्रत्येक पावसाच्या दिवसापुढे शेऱ्याच्या रकान्यात एक अर्धी बांगडी काढली, फुटक्या काकणासारखी. खाडाखोड नाही, चित्र आहे. त्र्याण्णवच्या सव्वीस जानेवारीला जगदेवला ते प्रमाणपत्र मिळालं, आणि त्यानंतर तोंड उघडायची सोय राहिली नाही. त्याच साली तलावांना नवी मापं वाटली गेली. रामरावाची काच घरात आली आणि तिच्यात चमचे राहू लागले.

सोळा साली जगदेव निवृत्त झाला. पाळीवर एका खांबावर आपोआप मोजणारं यंत्र बसलं. त्याच्या उन्हावर वीज करणाऱ्या काचेच्या पाटीवर कावळे बसतात आणि त्यांनी पाटी घाण केली की यंत्र मुकं होतं, पण त्याला निदान बाळंतपणाची रजा लागत नाही. जुनं नरसाळं त्याच्या मापासकट न्यायला कुणी आलं नाही. साहेब म्हणाले, ठेवा तुमच्याकडे. तुळसाबाईनं ते गावातल्या घराच्या अंगणात रोवलं आणि रोज साडेआठला मोजणं चालूच ठेवलं, आता शाळेच्या वहीत. "कोणासाठी मोजतं वं?" जगदेव विचारायचा. सवय मोडवत नव्हती, एवढं खरं. तेहतीस जुन्या वह्या तिनं लोखंडी पेटीत ठेवल्या, निंबाचा पाला घालून, आणि दर दिवाळीनंतर ती त्यांना अंगणात ऊन दाखवायची.

यंदाच्या फेब्रुवारीत नीलम आली. कारंज्याच्या कस्तुरचंद किराणावाल्यांची नात, एका संशोधन संस्थेत कामाला. तिचं काम म्हणजे तलावातलाव फिरून पावसाच्या जुन्या नोंदी शोधायच्या आणि कुजून, वाळवी लागून, रद्दीत जाऊन संपण्याआधी त्यांचे फोटो काढायचे. सतरा ठिकाणी ती रिकाम्या हातानं परतली होती. रुईखेडचे तक्तेही ऑफिसचं बिऱ्हाड दोनदा हललं त्यात कुठं गेले कुणास ठाऊक. चौकीदाराच्या घरी पाहावं म्हणून ती आली, आणि तुळसाबाईनं पेटीचं झाकण उघडलं तेव्हा ती पोरगी खालीच बसली.

"आजी, एवढ्या सगळ्या? एकही गहाळ नाही?"

"गहाळ कायले होईन? पेटीले कुलूप हाये," तुळसाबाई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

तीन दिवस नीलम येत राहिली. जगदेव खुर्ची टाकून शेजारी बसायचा, पांढरी टोपी घालून, आणि कोणत्या साली सांडवा किती फूट वाहिला ते सांगायचा. नीलमनं विचारलं, "आजोबा, हे सगळं तुम्ही मोजलं?" तो म्हणाला, "मंग? सही कोनाची हाये?" तुळसाबाई दाराशी सुपात तुरीची डाळ पाखडत होती. तिनं मान वर केली नाही.

चौथ्या दिवशी नीलम आली ती तोंड उतरवून. तिच्या सरांनी सगळे फोटो पाहिले होते. एक्याण्णव आणि ब्याण्णव या दोन साली रुईखेडचा पाऊस आसपासच्या सगळ्या केंद्रांच्या दुप्पट. आकडे एका हातचे, सही दुसऱ्या हातची. वर शेऱ्याच्या रकान्यात नातवंडांनी रेघोट्या मारलेल्या.

"सर म्हणतात, ज्या वहीवर भरवसा नाही ती घेता येत नाही. दोन वर्षं नाही, पूर्ण केंद्रच संस्थेच्या यादीतून काढायचं. यादी परवा बंद होतेय." ती जगदेवकडे वळली. "आजोबा, आठवा ना, त्या दोन वर्षांत काय झालं होतं?"

जगदेवनं भिंतीकडे पाहिलं. प्रमाणपत्राची चौकट तिथंच होती. "काई नाई झालं," तो म्हणाला. "पाऊसच तेवढा पडला."

तुळसाबाईचा हात सुपावर थांबला. पाहुण्यांसमोर नवऱ्याचं बोलणं खोडायचं नाही, हे ती लग्नाआधीपासून शिकलेली. आज बोललं तर गावात या माणसाचं हसू होईल, हे तिला दिसत होतं. आणि न बोललं तर? तेहतीस पावसाळे, साडेआठच्या त्या सगळ्या सकाळी, करपलेल्या भाकरी, वैजयंतीला पाळण्यात रडत ठेवून वाचलेले आकडे, हे सगळं खोटं ठरून निंबाच्या पाल्यासकट रद्दीत जाणार होतं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"पोरी, ते नातवायनं नाई काढलं. म्या काढलं."

"तू चूप राह्य वं," जगदेव म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"इतके दिस चूपच होती. आता चूप राह्यली तं वह्या जातीन." ती उठली. "आन् तुमाले वह्यायपेक्षा चौकट मोठी वाटत असंन तं तसं सांगा. मी बसतो पुन्ना डाळ पाखडत."

जगदेवनं टोपी काढून मांडीवर ठेवली. तुळसाबाई आत गेली, चमचे काढून रामरावाची काच घेऊन आली, अंगणातलं खरं माप आणलं आणि तांब्याभर पाणी. दोन्ही काचा तिनं ओट्यावर शेजारी-शेजारी ठेवल्या. खऱ्या मापात दहाच्या रेघेपर्यंत पाणी भरलं आणि नीलमला म्हणाली, "वाच. खाली वाक, डोया रेघेबराबर आन. पानी थांबू दे."

"दहा," नीलम म्हणाली.

तेच पाणी तुळसाबाईनं थेंब न सांडता दुसऱ्या काचेत ओतलं. "आता?"

नीलम वाकली, पाहिलं, पुन्हा पाहिलं. "वीस."

"पानी तेच हाये. काच खोटी बोलते. दोन साल खोटी बोलली. जिथं जिथं फुटकी बांगडी दिसंल, तिथं आकडा अर्धा कर. जिथं नाई, तिथं हात लावू नोको."

मग तिनं सगळं सांगितलं, काच कशी फुटली तिथपासून. मुंगी कोणती, गारा कोणत्या, लवलेलं झाड म्हणजे काय. सत्याऐंशीचे अकरा दिवस उघडून दाखवले आणि म्हणाली, "हे यायच्या हातचे. पाह्य, पाच कसा काढला." नीलम जमिनीवर बसून भराभर लिहून घेत होती. मग तिनं सरांना फोन लावला आणि तो ओट्यावर मोठ्या आवाजात ठेवला. दोन्ही सालचे आकडे अर्धे करून त्यांनी तिकडे शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहिले. बराच वेळ फोनमधून नुसता कागदांचा आवाज आला.

"जुळतंय," सर म्हणाले. "नीलम, चूक झाली की लोक लपवतात नाहीतर आकडे फिरवतात. इथं प्रत्येक चुकीच्या दिवसावर खूण आहे. अशी वही मी तरी पाहिलेली नाही. केंद्र राहील. पण सोळानंतरचं काय? तिथल्या यंत्राच्या नोंदीत भोकंच भोकं आहेत."

तुळसाबाई उठली आणि फडताळातून शाळेच्या नऊ वह्या काढून आणल्या. कुणासाठी मोजतेस, याचं उत्तर तिला नऊ वर्षांनी मिळालं होतं. तिनं ते जगदेवला बोलून दाखवलं नाही. वह्या मात्र नीलमच्या हातात देताना जरा त्याच्या डोळ्यांसमोरून दिल्या. छाती भरून येणं कशाला म्हणतात ते तिला त्या दिवशी कळलं, आणि ते तिनं लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी नीलम छापील फॉर्म घेऊन आली. केंद्राचं नाव, वर्षं, नरसाळ्याचं माप, आणि खाली एक ओळ, निरीक्षकाचं नाव. तिथं येऊन तिचा पेन थांबला आणि तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. वह्यांवर सही एकाची, आकडे दुसऱ्याचे. तुळसाबाई म्हणाली, "त्यायचंच लिव. सही त्यायची हाये."

जगदेव खुर्चीवरून उठला. भिंतीशी गेला, खिळ्यावरून चौकट उतरवली, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं एकदा पुसली आणि वह्यांच्या पेटीत सगळ्यात खाली ठेवून दिली. मग नीलमसमोर येऊन बसला.

"तिचं लिवा, म्याडम," तो म्हणाला. "आन् खाली साक्षीदाराची जागा हाये ना, तिथी माही सही घ्या. मी पाह्यलं हाये तिले मोजतानी."

नीलमनं नाव लिहिलं आणि फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. जगदेवनं पेन हातात घेतला, तशी तुळसाबाई सवयीनं म्हणून गेली, "वाचून तं पाहा सही कराच्या आधी."

यावेळी तो थांबला. पेन खाली ठेवला, खिशातून चष्मा काढला, नाकावर चढवला, कागद उजेडाकडे धरला. तुळसाबाईला अक्षर येत नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून शेजारच्या अंगणातही ऐकू जाईल अशा आवाजात, एकेका शब्दावर बोट ठेवत, त्यानं ती ओळ वाचली.

"निरीक्षक, तुळसाबाई जगदेव भोयर, मुक्काम रुईखेड."

आणि मग खाली सही केली.